शुक्रवारी चार वाजून तीन मिनिटांनी

दादाने आखातातून पाठवलेली पेटी हाताच्या पंजाएवढी होती. काळा रंग, समोर तीन हिरवे दिवे. एक वायर इंटरनेटच्या मोडेमला, दुसरी एका सुट्या फोनला. तशीच दुसरी पेटी त्याच्या कामगार-कॅम्पातल्या खोलीत पलंगाखाली होती. या पेटीवरून त्या पेटीवर बोलायला पैसे पडत नसत. तिकडे मात्र असल्या पेट्यांना बंदी होती. खोलीत आठ माणसं होती, आठांनी मिळून ती घेतली होती, शेजारच्या दुकानातून इंटरनेटची वायर गुपचूप ओढली होती, आणि प्रत्येकाला आठवड्यातून एकदा दहा मिनिटं ठरवून दिली होती. दादाची दहा मिनिटं शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आपल्याकडच्या घड्याळात दुपारी चारला सुरू होत.

नियम एकच होता आणि तो दादाने पहिल्याच दिवशी सांगितला होता. फोन तो करणार, आपण कधीही करायचा नाही. भलत्या वेळी पलंगाखाली घंटा वाजली आणि मुकादमाने ऐकली, तर पेटी जाईल आणि आठही जण अडकतील.

घरी टेलिफोन कार्यालयाची लाईन असलेला साधा फोनही वेगळा होता. कॅम्पातही कार्डाचा फोन होता, पण तो मुकादमाच्या दाराला लागून. त्यावर तब्येतपाणी विचारता येई, कंपनीबद्दल चकार शब्द काढता येत नसे. म्हणून आमचं खरं बोलणं त्या काळ्या पेटीतून.

आमच्या घरात खरं बोलण्याला फार किंमत होती. बाबांचा छापखाना घराच्या पुढच्या खोलीत. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं पोटासाठी, पत्रकं मनासाठी. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या उलट्या खिळ्यांवरून. शाळेच्या पुस्तकाआधी मी बंदरावरच्या हमालांचं, धरणात जमिनी गेलेल्यांचं, वाढलेल्या एसटी भाड्याचं पत्रक वाचलं होतं. दहावीनंतर मीच ती लिहू लागले. पहिली प्रत बाबा भिंतीवरच्या खिळ्याला टोचत आणि म्हणत, "यात एक तरी शब्द खोटा असेल तर आत्ता सांग."

म्हणूनच दादा आखातात निघाला तेव्हा घरात भडका उडाला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात ठेवून काम करायचं याला बाबांच्या भाषेत एकच शब्द होता, गुलामी, आणि तो त्यांनी दादाला तोंडावर ऐकवला. एसटी स्टँडवर शेवटी म्हणाले, "जातोस तो तुझ्या पायांनी. परत यायचं की नाही, ते मला विचारू नकोस."

दोन वर्षांनी दादाने तेच विचारलं.

त्या शुक्रवारी फोन नेहमीसारखा चार वाजून तीन मिनिटांनी वाजला. दादा दबक्या आवाजात म्हणाला, "करार संपतोय. नवा तीन वर्षांचा पुढे केलाय. महिनाअखेरपर्यंत सही करायची नाहीतर तिकीट घेऊन निघायचं. बाबांना विचार, येऊ का म्हणून."

"तूच विचार ना. इथेच आहेत ते."

"नको. तू विचार. पुढच्या शुक्रवारी सांग."

मी बाबांना विचारलं. ते पत्रकाचे खिळे जुळवत होते. वर न बघता म्हणाले, "त्याला अक्कल आहे. मी कशाला सांगू?"

ते पत्रक आमच्या विजयाचं होतं. आमच्या भागात रोज दुपारी साडेबारा ते चार लाईट जायची. पिठाची गिरणी, शिलाईची दुकानं, बर्फ फोडायचं यंत्र, आमचा छापखाना, सगळं ऐन कामाच्या वेळी बंद. आम्ही तीन पत्रकं काढली, सह्या गोळा केल्या, वीज कार्यालयाच्या पायऱ्यांवर अर्धा दिवस बसलो. भारनियमन रद्द होणं शक्य नव्हतं हे आम्हालाही माहीत होतं. मागणी होती वेळ बदलण्याची. ती मान्य झाली. सोमवारपासून लाईट सकाळी सहाला जाऊन साडेनऊला येऊ लागली. गिरणीवाल्याने आम्हाला चहा पाजला. मी ते विजयाचं पत्रक स्वतः दुकानादुकानांच्या शटरवर चिकटवत हिंडले.

पुढच्या शुक्रवारी फोन वाजला नाही.

चार वाजले, सव्वाचार झाले. पेटीचे तिन्ही दिवे हिरवे होते. मी रिसीव्हर उचलून पाहिला, टोन होता. आई म्हणाली, "जादा काम लागलं असेल." बाबा आतून म्हणाले, "किंवा ठरलं असेल त्याचं."

दुसऱ्या दिवशी मी फोनचं डबडं बदललं. शेजारच्या काकूंकडून त्यांचा जुना फोन आणून लावला. वायर उलटीसुलटी करून पाहिली. मग डोक्यात दुसराच किडा शिरला. आम्ही नुकतंच एका सरकारी कार्यालयाला वाकवलं होतं. ही पेटी तर परदेशी फोनचं उत्पन्न बुडवणारी. मला खात्री पटली की टेलिफोन कार्यालय आमचे येणारे फोन मुद्दाम अडवतंय. मी दोन पानी निवेदन लिहिलं. त्यात 'नागरिकांच्या संवादाच्या हक्कावर घाला' असं वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं.

निवेदन द्यायला मी गेले ती नेमकी त्यानंतरच्या शुक्रवारी. चारपर्यंत परत येऊ असा अंदाज होता. कार्यालयात साहेब जागेवर नव्हते, मी हट्टाने बसून राहिले. आवक शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे बाबांनी शिकवलेलं. शिक्का मिळाला तेव्हा साडेचार झाले होते.

घरी आले तर आई फोनजवळच जमिनीवर बसली होती.

"आला होता गो त्याचा फोन," ती म्हणाली.

"काय म्हणाला?"

"चिडलेला. म्हणाला, गेल्या शुक्रवारी वीस वेळा वाजवला, तुम्ही उचलत का नाही? बाबांनी नको सांगितलंय का उचलू? मी म्हटलं, नाही रे, वाजलाच नाही. त्याला पटेना. म्हणे, मला कानाने वाजताना ऐकू येत होता. मग कोणीतरी त्याला हाक मारली आणि बंद झाला."

"आणि येऊ का, त्याचं काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? ह्यांनी तोंड उघडलंय का?"

बाबा दारात उभे होते. हाताला शाई. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

"त्याला वाटतं मी उचलू देत नाही?"

आईने मान डोलावली.

"ये म्हणावं," बाबा म्हणाले. "मशीनला दोन माणसं लागतात म्हणावं."

ते आत गेले. दोन माणसं तर होतीच. मशीन मी आणि ते मिळून आरामात चालवत होतो.

आता माझ्याकडे उत्तर होतं आणि ते पोचवायला एकच शुक्रवार उरला होता. महिनाअखेर त्याच्या दुसऱ्या दिवशी. पत्र पोचायला पंधरा दिवस लागत. कार्डाच्या फोनवर निरोप ठेवायचा तर मुकादमाच्या तोंडून 'घरी ये' असा निरोप जाणार. तो निघतोय हे कंपनीला आधीच कळलं असतं आणि तिने तिकीट अडकवून ठेवलं असतं.

मंगळवारी मला राहवलं नाही. मी रिसीव्हर उचलला आणि त्याच्या पेटीचा नंबर फिरवायला लागले. निम्मे आकडे झाले असतील, आईने येऊन फोनच्या बटणावर बोट दाबलं.

"आठ जण आहेत गो तिथे," ती म्हणाली. "आपला एकच."

मी पत्रकांत शंभर वेळा लिहिलं असेल की एकाच्या सोयीसाठी बाकीच्यांचा बळी देऊ नये. आईने आयुष्यात एक पत्रक पुरतं वाचलं नसेल. मी रिसीव्हर खाली ठेवला. मला तिचा राग आला, आणि राग आला याचा जास्त आला.

आई बोट काढता काढता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्या दिवशी आलाच ना. लाईट आली आणि लगेच आला."

"कुठली लाईट?"

"शुक्रवारी तू बाहेर होतीस तेव्हा. माडाची झावळी पडली तारेवर, तासभर लाईट नव्हती. चारच्या सुमाराला आली. मी मिक्सर लावायला उठते तोच फोन."

मी कागद घेतला. मागच्या सगळ्या शुक्रवारांचं आठवेल तसं लिहिलं. चारला लाईट यायची, चार वाजून तीन मिनिटांनी फोन यायचा. दर वेळी. वेळ बदलल्यावर पहिला शुक्रवार, फोन नाही. दुसरा शुक्रवार, झावळी, लाईट आली, फोन आला. लाईट आणि फोन जोडीने येत होते, पण का ते कळत नव्हतं.

गावातल्या राजिवडा मोहल्ल्याच्या वाटेवर एक सायबर कॅफे होता. मालक माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, त्याचे दोन भाऊ आणि एक मेहुणा आखातात. अर्ध्या मोहल्ल्यातल्या असल्या पेट्या त्यानेच जोडून दिलेल्या. बुधवारी मी कागद घेऊन त्याच्याकडे गेले. सोबत टेलिफोन कार्यालयाचं निवेदनही नेलं, शिक्क्यासकट.

त्याने निवेदन शांतपणे वाचलं. "मराठी झकास आहे," तो म्हणाला. "ह्याचा फोनशी काही संबंध नाही. दुसरा कागद दाखवा."

दुसरा कागद त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, "घरी जा. मी तुमच्या साध्या फोनवर फोन करतो, तो कानाला धरून ठेवा. मग माझ्या पेटीवरून तुमची पेटी वाजवून बघतो."

मी घरी पोचले. साधा फोन वाजला. तो म्हणाला, "आता काळी पेटी वाजवतोय. मला इथे घंटा ऐकू येते. तुमच्याकडे?"

काही नाही. खोलीत पंख्याचा आवाज फक्त.

"नाही वाजत," मी म्हटलं. "तुम्हाला खरंच ऐकू येतेय?"

"टुर्र टुर्र, व्यवस्थित. ती घंटा पेटीवाल्या कंपनीची मशीन वाजवते, करणाऱ्याचं समाधान म्हणून. तुमच्या घराशी तिचा संबंध असेलच असं नाही. आता पेटीची पिन काढा. दहा मोजा. परत लावा."

मी लावली. दिवे एकेक करून हिरवे झाले.

"आता?"

फोन इतक्या जोरात वाजला की आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी दोन्ही कानांना दोन रिसीव्हर लावून उभी राहिले. दोन्हीकडून तोच माणूस हसत होता.

"पेटीचा फोन ठेवा. आता दहा मिनिटं हात लावू नका."

दहा मिनिटांनी त्याने पुन्हा केला. त्याला घंटा ऐकू आली. आम्हाला नाही.

गुरुवारी दुपारी तो स्वतः आला. खुर्चीवर बसला, मोडेमवर बोट ठेवलं. "हा तुमचा वॉचमन. आतून कोणी बाहेर हाक मारली की हा दार उघडतो. चार-पाच मिनिटं वाट बघतो. काही हालचाल नाही दिसली की दार लावून घेतो. मग बाहेरून कितीही ठोका. आणि ही पेटी आपल्या कंपनीला हाक मारते तासातून एकदा. चालू झाल्यावर पहिली, मग बरोब्बर तासातासाने."

"म्हणजे लाईट आली की..."

"लाईट आली की पेटी चालू, पेटी चालू की हाक. आधी तुमच्याकडे चारला यायची ना? तुमचा भाऊ चार-तीनला करायचा. दार उघडं. आता येते साडेनऊला. मग हाक साडेदहा, साडेअकरा, अशी साडेतीन, साडेचार. चार-तीनला दार बंद. बिचारा बाहेर उभा." तो थांबला. "तुम्ही स्वतः कधी फोन करत असता तरी उघडलं असतं. पण तुम्ही करत नाही."

"आम्हाला बंदी आहे."

"माहीत आहे. माझ्याही घरी आहे." मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा बदलला. "ती वेळ बदलायला लावली ते तुम्हीच ना, ताई? तुमचं पत्रक अजून आहे माझ्या शटरवर. 'एकजुटीचा विजय.'"

बाबा मधल्या दारात होते. खिळ्याला टोचलेली त्याच पत्रकाची पहिली प्रत त्यांच्या डोक्याच्या बाजूलाच होती. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"मग आता काय, दुपारची लाईट परत घालवून मागू?" बाबा म्हणाले. आवाज कडक होता पण त्यात धार नव्हती.

"नको हो काका, माझा धंदा दुपारचाच. पेटीला सांगतो अर्ध्या अर्ध्या मिनिटाला हाक मार म्हणून. वॉचमन झोपणारच नाही." त्याने सोबत आणलेला लॅपटॉप जोडला, पेटीचं आतलं पान उघडलं, एका चौकटीतला तासाचा आकडा खोडून छोटा आकडा घातला. एवढंच. मी ज्याला हक्कावरचा घाला म्हटलं होतं, ते एका चौकटीतला एक आकडा होता.

आईने त्याला सोलकढी दिली. तो तासभर मुद्दाम बसून राहिला आणि कॅफेतल्या माणसाला तिथल्या पेटीवरून फोन लावायला सांगितलं. वाजला. अर्ध्या तासाने पुन्हा. वाजला. जाताना म्हणाला, "ताई, शटरवरचं पत्रक काढू का?"

"राहू दे," मी म्हटलं.

शुक्रवारी बाबांनी मशीन तीनलाच बंद केली. अंगावर धुतलेला सदरा. घड्याळासमोर बसले. आई तांदूळ निवडायला घेऊन बसली होती. एकही खडा निघाल्याचं मला दिसलं नाही. मी रिसीव्हर उचलून टोन बघायला हात पुढे केला तेव्हा बाबा म्हणाले, "हात लावू नकोस त्याला."

चार वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला.

पहिली घंटा संपायच्या आत मी उचलला. "दादा."

पलीकडून, "उचललास."

"दादा ऐक, बाबा म्हणाले..."

"सही केली मी," तो म्हणाला. "बुधवारी. कंपनीचे लोक कागद घेऊन आले, म्हणाले शनिवारपर्यंत थांबणार नाही, आत्ता सांग. मी म्हटलं एक दिवस द्या, घरी विचारतो. तर खोलीतलाच एक जण म्हणाला, घरचे उचलत नाहीत ना तुझे?" तो हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "सगळ्या खोलीला माहीत होतं. त्या शुक्रवारी माझ्या दहा मिनिटांत मी नुसता घंटा ऐकत बसलो होतो."

"वाजत नव्हता, दादा. इथे एकदाही वाजला नाही. तुला ऐकू यायची ती घंटा आपल्या घरची नव्हतीच."

"हं." मग खूप हळू म्हणाला, "काय म्हणाले होते बाबा?"

बाबा समोर बसले होते. दादाचा आवाज त्या रिसीव्हरमधून बाहेरपर्यंत येई, त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको. सांगू नकोस. ज्या माणसाने मला खोटा शब्द छापू दिला नव्हता, तो मला गप्प राहायला सांगत होता. त्यांचं बरोबर होतं, हे आता कळतं. सही झाली होती, तीन वर्षं ठरली होती, वर हे ओझं कशाला. पण मी वीस-एकवीस वर्षांची होते. आणि मी त्यांचीच मुलगी होते.

"ये म्हणाले होते," मी म्हटलं. "मागच्याच शुक्रवारी."

पलीकडे कोणीतरी खोकलं. भांडं पडल्याचा आवाज आला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं दादा फोन ठेवणार आणि पुन्हा कधी करणार नाही, आणि याला जबाबदार टेलिफोन कार्यालय नसेल, मोडेम नसेल, मी असेन.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "म्हणाले ना."

बाबा उठले आणि माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"कागदाची प्रत आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. नाव नाही, कसा आहेस नाही. "आहे ना? काढ. सहीच्या वर काय काय छापलंय ते वाच. पहिल्यापासून. इंग्रजी असू दे, तुझी बहीण सांगेल मला अर्थ. सावकाश वाच."

त्यांनी मला खुणेने कागद मागितला. हाताशी होती ती विजयाच्या पत्रकाची उरलेली थप्पी. मी एक उचललं, उलटं केलं. दादा एकेक कलम वाचत होता, बाबा मोठ्याने तसंच म्हणत होते, मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेत होते. कामाचे तास. रजा. मध्येच सोडल्यास काय. तिसऱ्या कलमाला बाबा म्हणाले, "थांब, हे परत वाच," आणि दादाने परत वाचलं. त्याच्या आवाजातला राग कुठल्या कलमाला गेला मला सांगता येणार नाही. पण चौथं तो वाचत होता तेव्हा नव्हता.

दहा मिनिटं झाली. पलीकडून कोणाची तरी हाक ऐकू आली.

"पुढच्या माणसाची वेळ झाली, बाबा."

"मग दे त्याला," बाबा म्हणाले. "त्याच्या घरचे वाट बघत असतील. उरलेलं पुढच्या शुक्रवारी वाच. कागद नीट ठेव."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, नीट बसलाय ना ते बोटाने दाबून पाहिलं आणि माझ्या हातातला कागद घेऊन वाचायला लागले. माझ्याशी ते त्या दिवशी बोलले नाहीत. कागद मात्र संध्याकाळी मला खिळ्याला टोचलेला दिसला, छापील बाजू भिंतीकडे, माझ्या अक्षरातली चार कलमं पुढे.